बोरी पुलाच्या दोन काठांवरची मुलं: पोर्तुगीज वारसा शिकवण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतलं आहे. जुवारी नदीवरचा बोरीचा पूल तिथून फार दूर नाही. वर्ग नववीचा. पुस्तक इंग्रजीत, बाईंचं समजावणं कोकणी-मराठी मिसळून आणि फळ्यावरचे मुद्दे पुन्हा इंग्रजीत. गोव्यातल्या शाळांत हे नेहमीचंच आहे. बहुतेक मुलं अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याच्या परिसरातल्या, गावांतली. काहींची घरं खाणपट्ट्यातून कामधंद्यासाठी फोंड्याला आलेली. मोजकी ख्रिस्ती मुलं पूल ओलांडून लोटलीकडून रोज बसने येतात. शाळेचं, बाईंचं, मुलांचं नाव इथे देत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करताना या घटकाचे तास मी वर्गात मागे बसून पाहिले. बाईंची टिपणवही आणि मुलांच्या लेखी उत्तरांचा गठ्ठाही त्यांनी मला वाचायला दिला.

घटक होता पोर्तुगीज राजवट आणि तिचे परिणाम. बाईंनी तो नेहमीच्या क्रमाने सुरू केला. १५१० साली आफोंस द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेले. १५६० मध्ये इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं, न्यायालय बसलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण ही नवी काबिजाद, म्हणजे नंतर जिंकलेला मुलूख, जोडली गेली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त होऊन सगळं संपलं. मुलं लिहून घेत होती. इन्क्विझिशनच्या तासाला मात्र लिहिणं थांबलं. देवळं पाडली, तुळस लावायला बंदी घातली, धोतर-चोळीवर बंदी घातली, १६८४ मध्ये लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असं फर्मान निघालं, हे बाई सांगत होत्या. मधल्या बाकावरचा एक मुलगा पुढे बसलेल्या ख्रिस्ती मुलीला मोठ्याने म्हणाला, "तुमीच मोडलीं न्ही आमचीं देवळां?"

दोघे-तिघे हसले. मुलगी काही बोलली नाही. बाईंनी मुलाला दटावलं आणि धडा पुढे नेला. दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील शिक्षक-खोलीत आले. आवाज चढवला नाही, तक्रारअर्जही आणला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले, "टीचर, तुमी शिकयतात तें खरें आसतलें. पूण आमी पाखले न्हय." पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज, हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. वडिलांना एवढंच म्हणायचं होतं: राज्य करणारे गेले, आम्ही इथलेच, मग त्यांच्या करणीचा जाब माझ्या मुलीला का?

मुलाच्या तोंडून ते वाक्य का निघालं, हेही पाहायला हवं. तो टवाळ म्हणून बोलला असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याच्या घरचं कुलदैवत रामनाथ. बांदोड्याला रामनाथीचं देऊळ आहे, पण देवाचं मूळ ठाणं नदीपलीकडे लोटलीत. आजीने त्याला लहानपणापासून सांगितलं होतं की देव रातोरात नदी ओलांडून आणला. त्याच्या घराण्याची आठवण आणि मुलीचा आजचा गाव, दोन्ही लोटलीच. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी या दोन मुलांचे पूर्वज बहुधा एकाच गावात, कदाचित एकाच वाड्यावर राहत होते. एका घराने देव घेऊन नदी ओलांडली, दुसरं घर जमिनीवर राहिलं आणि बाप्तिस्मा घेतला. दोघांनाही हे ठाऊक नव्हतं, आणि तारखांच्या क्रमाने शिकवलेला धडा ते त्यांना कधीच सांगणार नव्हता.

बाईंपुढचे रस्ते

मुख्याध्यापकांचा सल्ला होता की हा भाग आटोपता घ्यावा, परीक्षेला दोन गुणांपुरता येतो. एका सहकारी शिक्षकांचं मत होतं की चांगलं-वाईट दोन्ही सांगावं. काजू, मिरची, अननस, पाव, १५५६ चा छापखाना, १८४२ चं वैद्यकीय विद्यालय एका बाजूला आणि इन्क्विझिशन दुसऱ्या बाजूला, म्हणजे कुणाला टोचणार नाही. तिसरं मत अगदी उलट होतं. अत्याचार ठासून सांगा, मुलांना राग यायलाच हवा.

तीन्ही सल्ल्यांमागे चांगली भावना होती. तरी माझ्या मते तीन्ही चुकीचेच आहेत आणि मला ते स्पष्ट लिहायचं आहे. गाळलेला इतिहास मुलांना मोबाइलवर मिळतोच, आणि तो मिळतो तेव्हा समोर प्रश्न विचारायला शिक्षक नसतो. चांगल्या-वाईटाचा ताळेबंद त्याहून फसवा. काजूचं झाड आणि जाळलेला माणूस एका तराजूत घालता येत नाहीत. शिवाय मिरची आणि काजू अमेरिकेतून आले ते व्यापाराच्या वाटेने. त्याचं श्रेय एखाद्या राजवटीच्या दयाबुद्धीला देण्याचं कारण नाही. उरला नुसता राग. तो मुलांना एक शत्रू देतो आणि शत्रू लिस्बनला असल्यामुळे बोट शेजारच्या बाकाकडे वळतं. वर्गात नेमकं तेच घडलं होतं.

बाईंनी घटक पुन्हा उघडला. या वेळी १५१० पासून खाली न येता आजच्या घरापासून मागे जायचं ठरवलं. मुलांना सांगितलं की घरच्यांना विचारून असा एक कागद शोधा, ज्याचं मूळ पोर्तुगीज काळात आहे. कागद आणायचा नाही. तो कशाचा आहे, कुणाच्या नावे आहे आणि आज त्याचा काय उपयोग होतो, एवढंच लिहून आणायचं.

जे कागद निघाले

जवळजवळ प्रत्येक घरातून काहीतरी निघालं. बाईंना याची अपेक्षा नव्हती. त्यांना वाटलं होतं की भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, चार-दोन घरांत जुने दस्त असतील.

सर्वांत जास्त मुलांनी आणली ती लग्नाची गोष्ट. गोव्यात लग्न म्हणजे आधी निबंधक कार्यालयात पहिली सही, मग ठरावीक मुदतीनंतर दुसरी सही. भटजी नाहीतर पाद्री हे वेगळं. कुणाच्या ताईची दुसरी सही नुकतीच झाली होती. ही पद्धत आली पोर्तुगीज नागरी नोंदणीतून, आणि तिच्यामागे आहे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, जी गोव्याला १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मी बायकोची असते. घर किंवा भाट (बागायत) विकायला दोघांच्या सह्या लागतात. आईबापांना सगळी मिळकत एकाच मुलाच्या नावे करून मुलींना बाजूला सारता येत नाही, निम्म्यावर मुलांचा हक्क कायम राहतो. पोर्तुगालने स्वतः ही संहिता १९६७ मध्ये बाजूला ठेवली, तिथे नवी आली. गोव्यात ती राहिली. आता ती भारताने स्वीकारलेला कायदा म्हणून चालते आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं.

एका मुलीने लगेच विचारलं, "मग बाई, हे चांगलं झालं ना?" बाईंनी त्याच संहितेला जोडलेला १८८० चा हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूम फळ्यावर लिहिला. ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल झालं नाही, किंवा मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसरं लग्न करता येईल, अशी तरतूद त्यात होती. मुली गप्प झाल्या आणि मग एकदम बोलू लागल्या. राज्यकर्त्यांनी मुलींना निम्मा हक्क दिला आणि त्याच हाताने मुलगा न झालेल्या बाईच्या डोक्यावर सवत आणून बसवण्याची सोय ठेवली. कायदा कुणाशी विचारविनिमय करून आला, कुणाच्या सोयीने अपवाद ठेवले, हे प्रश्न मुलींनीच काढले. सगळ्या घटकातला हा तास मला सर्वांत कसदार वाटला. चांगलं की वाईट, या प्रश्नातून मुलं आपणहून बाहेर पडली.

दुसरा कागद पासपोर्टचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदवला, की त्याला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. आजोबांचा जन्मदाखला शोधत फिरणारी माणसं गोव्यात प्रत्येक गावात आहेत. वर्गाची समजूत होती की हे ख्रिस्ती लोकच करतात. लेखी उत्तरांत निघालेल्या घरांपैकी निम्मी हिंदू होती, आणि त्या मुलांच्या पेनला ते लिहिताना संकोच वाटल्याचं अक्षरावरून कळत होतं. बाईंनी लाज काढायचा प्रश्नच ठेवला नाही. त्यांनी विचारलं, पोर्तुगाल आजही हे का देतो? भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, मग काका भारतीय पासपोर्ट सोडतात तेव्हा काय सोडतात, आणि कशासाठी? उत्तर कुणी दिलं नाही पण लंडनमधली एक मावशी, स्विंडनमधला एक काका आणि ब्रेक्झिटनंतर अडकलेला एक चुलतभाऊ हे सगळे पहिल्यांदाच इतिहासाच्या तासाला आले.

खाणींबद्दल एकच मुलगा बोलला, पण नेमकं बोलला. वडिलांचा ट्रक २०१२ पासून जवळजवळ उभाच. बाईंनी त्याला मागे नेलं. पोर्तुगीज सरकारने खाजगी लोकांना दिलेल्या खाण-सवलती मुक्तीनंतरही चालू राहिल्या. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने त्या रद्द करून भाडेपट्ट्यांत बदलल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. घरासमोर उभा असलेला ट्रक आणि पन्नासच्या दशकात गोव्याचं लोहखनिज जपानकडे नेणारी जहाजं एकाच हिशेबात बसतात, हे त्या मुलाला कळलं तेव्हा त्याने वहीत फक्त वर्षं लिहिली, एकाखाली एक.

आल्वारा वाचला तो तास

एका मुलीच्या घरी आल्वारा, म्हणजे पोर्तुगीज सरकारने जमीन देताना केलेला कागद, निघाला. सत्तरीतली मूळ जमीन, आता कुटुंब फोंड्यात. कागद पोर्तुगीजमध्ये. घरात तो वाचू शकणारं एकच माणूस होतं, तिचे आजोबा. त्यांनी पन्नासच्या दशकात प्रिमेर ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक परीक्षा, पास केलेलं, पुढे शिक्षण थांबलं. बाईंनी त्यांना वर्गात बोलावलं.

आजोबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. मूळ कागद त्यांनी घरीच ठेवला होता, सोबत छायाप्रत होती. चष्मा पुसून त्यांनी आधी पोर्तुगीजमध्ये वाचलं, मग कोकणीत अर्थ सांगितला. सरकारची पडीक जमीन, इतक्या मुदतीत लागवडीखाली आणायची, दरवर्षी इतका फोर, म्हणजे खंड, भरायचा, न केल्यास परत घेतली जाईल. सीमा सांगताना कागदात ओहोळ होता, एक आंब्याचं झाड होतं आणि शेजाऱ्याचं नाव होतं. आंब्याचं नाव ऐकून आजोबा क्षणभर थांबले. तो आंबा त्यांनी पाहिला होता.

मागच्या बाकावरून प्रश्न आला. हा कागद यायच्या आधी ती जमीन कुणाची होती?

"आदीं खंयचो कागद?" आजोबा म्हणाले. "आमी थंयच आशिल्ले." (आधी कुठला कागद? आम्ही तिथेच होतो.)

बाईंनी तिथे फळ्यावर फार काही लिहिलं नाही. त्यांनी आजचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, कसा असतो ते दाखवलं: कब्जेदाराचा रकाना, कुळाचा रकाना, इतर हक्कांचा रकाना. आल्वाराच्या बऱ्याच जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारी माणसं असली तरी कब्जेदाराच्या रकान्यात सरकारचं नाव दिसतं. आधी रान ज्यांच्या वापरात होतं त्यांच्याकडून ते 'सरकारची पडीक जमीन' म्हणून काढून घेतलं गेलं, मग अटी घालून त्यांनाच दिलं गेलं, आणि राजवट बदलली तेव्हा नव्या सरकारला तो रकाना तयार मिळाला. सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून २०२० आणि २०२१ मध्ये गावकरी रस्त्यावर आले, ते मुलांनी बातम्यांत पाहिलेलं होतं. त्या भांडणाचं मूळ कुठे आहे हे आजोबांच्या दोन वाक्यांनी जितकं समजलं, तितकं कुठल्याही पाठाने समजलं नसतं.

साम्राज्य गेल्यावरही त्याचे रकाने मागे राहतात, आणि मुक्त झालेलं राज्यही ते सोयीने वापरतं. पोर्तुगीज वारसा म्हणून पर्यटकांना पणजीच्या फोंतेन्यासमधल्या रंगीत भिंती दाखवतात. (त्यातलीसुद्धा कितीतरी घरं गोव्याच्या माणसांनी, गोव्याच्या चिऱ्यांनी आणि गोव्याच्या गवंड्यांकडून स्वतःसाठी बांधलेली आहेत; त्यांना सरसकट पोर्तुगीज घरं म्हणणं मला नेहमी खटकतं.) शाळेने मुलांना दाखवायचा वारसा एक-चौदाच्या उताऱ्यात आहे.

मग इन्क्विझिशन

बाईंनी इन्क्विझिशन टाळलं नाही. कागदांनंतर त्या पुन्हा तिथे आल्या आणि पहिल्यापेक्षा जास्त तपशिलात आल्या. फरक एवढाच की या वेळी पहिला प्रश्न होता: त्या न्यायालयापुढे उभं कुणाला करत होते?

पोर्तुगालहून आलेले, मूळचे ज्यू असल्याचा संशय असलेले नवख्रिस्ती होते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यातच राहिला आणि वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या बहिणीला तर १५६९ मध्ये जिवंत जाळलं होतं. पण या न्यायालयाचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता, आणि काळ पुढे सरकला तसे तिथे मोठ्या संख्येने उभे राहिले ते इथलेच नवे ख्रिस्ती. घरात जुना विधी केला, लग्नात हळद लावली, अशा गोष्टींवरून. १७३६ चं बंदीपत्रक मुख्यतः अशाच चालीरीतींवर होतं. म्हणजे त्या कोठड्यांत पूर्वज कुणाचे होते? बाईंनी हा प्रश्न वर्गाला विचारला आणि उत्तराची वाट पाहिली. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आमचे."

हिंदूंनी काय सोसलं तेही बाईंनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. सोळाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकात साष्टी-बारदेशातली देवळं पाडली गेली, साष्टीतली मोहीम राशोलच्या किल्ल्यावरून चालली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, महालक्ष्मी कोलव्याहून आणि रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून नदी हीच सीमा होती. मुलांनी नकाशावर बाण काढले. रोज शाळेची बस येते त्याच बाजूने देव आले होते.

पुढचा बाण कुंकळ्ळीचा. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या गावकारांनी पाच जेझुइट धर्मप्रसारकांना मारलं. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल झाली. देवी फातर्प्याला गेली. आजही शिगम्याच्या दिवसांत फातर्प्याहून कुंकळ्ळीला देवी येते तेव्हा बारा वांगडींच्या (घराण्यांच्या) बारा छत्र्या असतात, आणि ख्रिस्ती झालेली घराणीही तो सोहळा आपला मानतात, त्या प्रमुखांना आपले पूर्वज मानतात. १७८७ चा पोर्तुगीज राजवटीविरुद्धचा पिंटोंचा कट ख्रिस्ती पाद्री आणि लष्करातल्या गोवेकरांचा. पंधरा जणांना फाशी झाली. शिवाय सत्तरीच्या राणे घराण्याची बंडं. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांस कुन्य आणि १९४६ मध्ये मडगावात लोहियांबरोबर उभे राहिलेले जुलियांव मिनेझिस. ही नावं बाईंनी यादी म्हणून दिली नाहीत. वर्गात जे वाक्य बोललं गेलं होतं त्याच्यासमोर त्यांनी ती ठेवली.

उलट बाजूही सांगितली. पणजीच्या म्हामाय कामतांचं घराणं पोर्तुगीज राजवटीत दलाली आणि व्यापार करत असे. त्यांच्या कागदपत्रांत गुलामांच्या व्यापाराचाही पत्ता लागतो. आफ्रिकेतून माणसं गोव्यात विकायला आणली जात होती. आफ्रिकी माणसासाठीचा खाप्री हा शब्द मुलांना शिवीसारखा माहीत होता. त्यामागे माणूस होता हे नव्हतं. साम्राज्य चालवायला इथले हात लागले होते, हिंदू हात आणि ख्रिस्ती हात, हे ऐकायला कुणालाच आवडलं नाही. शाळेत तेही सांगितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पुराव्यावर एक तास गेला. इन्क्विझिशनची गोव्यातली दप्तरं बहुतेक नष्ट केली गेली. जुन्या गोव्यातल्या हातकात्रो खांबाची गोष्ट मुलांना ठाऊक होती, तिथे हात कापत असत अशी. बाईंनी गोष्ट खोटी म्हटली नाही, खरीही म्हटली नाही. दगड काय सांगतो, कागद काय सांगतो, आजी काय सांगते, हे तीन स्तंभ करून मुलांना भरायला दिले. आजीचा स्तंभ सर्वांत भरलेला होता आणि बाईंनी तो पुसू दिला नाही.

काय साधलं, काय अडलं

घटक चाचणीत बाईंनी 'परिणाम लिहा' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी एका कागदाचा, जागेचा किंवा चालीचा माग काढायला सांगितलं. ज्या मुलाने ते वाक्य म्हटलं होतं, त्याने रामनाथावर लिहिलं. आजीची गोष्ट, नदी, बांदोडं. शेवटी त्याने विचारलं होतं की लोटलीत मागे राहिलेले आमचे भाऊबंद कोण होते आणि ते का थांबले. पण एका उत्तराने मुलगा बदलला असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही त्याने कुठूनतरी आलेला एक भडक व्हिडिओ वर्गात दाखवायचा आग्रह धरला, आणि बाईंना पुन्हा तेच तीन स्तंभ काढावे लागले. व्हिडिओवाल्याकडे रोज वेळ आहे, बाईंकडे आठवड्याला तीन तास.

खरी अडचण वेगळीच निघाली. कागद विचारल्यावर दोन घरांतून शाळेत निरोप आले. एका मुलाचं कुटुंब भाटकाराच्या जागेत मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारं, आणि त्या भाटकाराची नात त्याच वर्गात. १९७५ च्या मुंडकार कायद्याखालचा दावा अजून मामलेदारांकडे पडून आहे. इतिहासाच्या वहीतलं एक वाक्य उद्या कुणाच्या तोंडी जाईल, ही भीती रास्त होती. बाईंनी मग नावं, गाव, सर्व्हे क्रमांक काढून सगळ्या नोंदी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिल्या आणि त्याच वर्गात वाटल्या. फार मेहनतीचं काम. हा प्रयोग दुसरीकडे करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही काळजी घ्यावी. एकच कागद दोन मुलांच्या घरांना समोरासमोर उभं करू शकतो, कारण कुळकायदा आणि मुंडकार कायदा या दोन्ही मुक्तीनंतरच्या मोठ्या सुधारणा असल्या तरी त्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत.

भाषेचा प्रश्नही तितकाच अवघड आहे. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं, आशियातल्या जुन्या दप्तरखान्यांपैकी एक, पण तिथला बहुतांश मजकूर पोर्तुगीजमध्ये. नववीच्या मुलाला तो वाचता येत नाही, त्याच्या बाईंनाही नाही. लिसेवमध्ये (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) किंवा प्रिमेर ग्रावला शिकलेली पिढी आता पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. आल्वारा वाचणाऱ्या आजोबांसारखी माणसं प्रत्येक वाड्यावर दोन-तीन होती. ती कमी होत चालली आहेत. शिक्षण खात्याने आणि विद्यापीठाने मिळून साध्या गावपातळीच्या कागदांची, म्हणजे आल्वारा, जन्मनोंद, लग्नाची नोंद, गावकारीचे (गावाच्या सामाईक जमिनीचे) हिशेब यांची मराठी-कोकणी भाषांतरं शाळांना दिली, तर हे काम एखाद्या बाईंच्या हिमतीवर अवलंबून राहणार नाही. ही मागणी मी प्रशिक्षण वर्गांत वारंवार करत आले आहे आणि पुढेही करत राहीन.

मुलीचे वडील पुन्हा शाळेत आले ते पालकसभेला. त्यांचे काका मोझांबिकमध्ये, बैरा बंदरावर कारकून होते. डिसेंबर १९६१ नंतर तिथल्या भारतीयांना छावण्यांत डांबलं गेलं तेव्हाची त्यांची पत्रं घरात आहेत, चालत असल्यास आणून देतो म्हणाले. यंदा बाई घटकात मोझांबिक जोडणार आहेत. गोव्याची माणसं आफ्रिकेत पोर्तुगिजांची कारकुनी करत होती, आणि तिथल्याच स्वातंत्र्यलढ्यात गोव्याचेच आकिनो द ब्रागांस उभे होते, हे दोन्ही त्या पत्रांच्या जोडीने शिकवायचं आहे. पत्रं पोर्तुगीजमध्ये आहेत. आल्वारावाल्या आजोबांना विचारलं आहे. ते वाचायला तयार आहेत, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. मुख्याध्यापकांनी पाच तास मंजूर केले आहेत. बाईंनी आठ मागितले होते.